बोंबलांचा खण

लालबाग-परळात असं एखादं घर शोधून दाखवा, जिथे कपाटाच्या वरच्या कप्प्यात ओटीच्या ब्लाउजपिसांचा गठ्ठा नाही. पैज लावा, हराल. आणि काय ती कापडं! तो ठरलेला पोपटी, तो ठरलेला राणी, आणि एखादा रंग असा की त्याला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ही कापडं शिवायची नसतातच मुळी. चुकून कुणी शिवायला काढलंच तर एक बाही हमखास कमी पडते. ती फिरवायची असतात. सवाष्ण घरी आली, निघायला उठली, की वरचं एक काढायचं, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी घेऊन तिच्या पदरात घालायचं. ती ते घरी नेणार, आपल्या गठ्ठ्यात ठेवणार आणि पुढच्या सवाष्णीच्या पदरात घालणार. पथ्य एकच, ज्या घरातून आलं त्या घरी परत जाता कामा नये. बिचाऱ्या कापडाचा जन्म प्रवासात जातो. कुणी ते उलगडूनसुद्धा बघत नाही. मान दिला, मान घेतला, विषय संपला.

मालनकाकू धुरींना ही रीत तोंडपाठ. लग्न होऊन लालबागला आल्यापासून त्यांनी किती ओट्या भरल्या असतील त्याला गणती नाही. आणि ह्याच रीतीने शेवटी त्यांचा घात केला. आता घात म्हणायचं की आणखी काही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

काकूंचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. काकूही पुढे मागावरच गेल्या, पण वेगळ्या. दादरच्या एका संस्थेत त्या अंध मुलींना हातमाग शिकवायच्या. मुली बोटांनी बघायच्या आणि काकू मुलींच्या बोटांकडे बघायच्या. दिवाळीला संस्थेचा सेल लागायचा. रुमाल, शबनम, टेबलावरच्या पट्ट्या, सगळ्यांवर संस्थेचं लेबल. त्यातल्या निम्म्याशिम्म्या नक्ष्या काकूंच्या डोक्यातून निघालेल्या, पण काकूंचं नाव कुठे? हजेरीपटावर. काकू कधी तक्रार करायच्या नाहीत. पण खोटं कशाला बोला, लागायचं मनाला. गिऱ्हाईक बाई कापड हातात घेऊन म्हणायची, "काय सुंदर आहे हो, कुणी केलंय?" आणि समोर उभ्या असलेल्या काकू म्हणायच्या, "आमच्या संस्थेने."

संस्थेने विणकामाचा विभाग बंद केला तेव्हा माग भंगारात निघाला होता. काकूंनी तो टेम्पोत घालून घरी आणला. जुनी चाळ पाडून झालेल्या इमारतीतली ती दोन खोल्यांची जागा, त्यात हा लाकडाचा उंट. काकूंचे यजमान जगदीशकाका बेस्टमधले रिटायर्ड कंडक्टर. त्यांनी दारातच अडवलं.

"अगो, मगे जेवणाचा टेबल खय ठेवूचा?"

"जमिनीवर बसून जेवा. गुडघे चांगले राहतात."

तेव्हापासून धुरींच्या घरी सगळे जमिनीवर बसून जेवतात. काकांच्या गुडघ्यांचं काही सांगता येत नाही, पण माग खिडकीशी आपल्या जागेवर आहे.

काकूंना एक खोड होती, अजून आहे. चालता चालता त्या मध्येच थांबतात. खोताच्या वाडीत एकदा लाकडी कठड्याच्या नक्षीसमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की आतून एक म्हातारेबुवा खुर्ची घेऊन बाहेर आले, म्हणाले, बसून बघा बाई. गणपतीच्या कारखान्यात ओळीने वाळत घातलेली मातीची पावलं त्यांनी रुमालावर विणली. भाजीवाल्याच्या टोपलीतली भेंडी विणली. जगदीशकाका पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरात भाजी आधी मागावर शिजते, मग गॅसवर."

बोंबलांचं तसंच झालं. पावसाळ्याची सुकी मासळी भरायला काकू दर मे महिन्यात कफ परेडच्या मच्छीमार नगरात जातात. लालबागच्या बाजारात मिळत नाही असं नाही, पण काकूंचा हट्ट. तिथे मागे ते उंच टॉवर, पुढे खाडीचं पाणी, आणि मध्ये बांबू आणि दोऱ्यांच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. दोन-दोन बोंबील, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला, दोरीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. गाठ नाही, खिळा नाही. नुसते एकमेकांना तोंडाने धरून लटकलेले. वरच्या दोरीवरचे आजचे, ओले, गुलाबीसर पांढरे. खालचे कालचे, परवाचे, वाळून गवताच्या रंगावर गेलेले. मधून वारा आला की सगळी ओळ हलायची.

काकू थांबल्या त्या थांबल्याच. शेवटी कोळीण ओरडली, "ए बाय, घेतंस का नुसती बगतंस?"

त्या दिवशी काकू जवळा, सोडे सगळं विसरून रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. काकांना म्हणाल्या, "अहो, कसे धरून होते माहीत आहे? एक सुटला तर दोघं पडणार. आपल्यासारखेच."

"म्हंजे मी बोंबील?"

"सुकलेला."

मग बसल्या मागावर. उभे धागे राखाडी-जांभळे लावले, पहाटेच्या खाडीच्या पाण्यासारखे. आडवा धागा नेणारा धोटा एका दमात इकडून तिकडे जाऊ देतील तर शपथ. जबड्यात जबडा अडकतो त्या जागेला एकेक उभा धागा बोटाने उचलायचा, खालून रंगीत धागा घालायचा, पुढे जायचं. चुकलं की सोडवायचं. वर गुलाबी, मग फिकट, मग गवताळ, असा रंग ओळीओळीने उतरवत नेला. खणाच्या मापाचं कापड, पण त्या कापडाने उन्हाळ्यानंतरचा गणपती बघितला, दिवाळी बघितली, तेव्हा कुठे मागावरून उतरलं. ह्याआधी काकूंनी पुष्कळ विणलं होतं. पण हे उतरल्यावर त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि मनाशी म्हणाल्या, हे मात्र माझं.

सुनेने, प्रितीने, त्याचा फोटो स्टेटसला टाकला. तो फिरत फिरत मृणालिनीकडे पोचला. ही मृणालिनी पूर्वी संस्थेत मुलींना गोष्टी वाचून दाखवायला यायची, आता गिरगावात एका हॉलमध्ये विणकरांचं प्रदर्शन भरवत होती. ती घरी आली, कापड खिडकीशी उजेडात नेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं. मग म्हणाली, "मालनताई, हे मला पाहिजे. समोरच्या भिंतीवर लावेन. खाली पाटीवर तुमचं नाव, आणि हे कुठून सुचलं त्याच्या चार ओळी."

"नाव माझं?"

"मग कुणाचं?"

त्या रात्री काकूंनी पाटीवरच्या चार ओळी मनातल्या मनात इतक्या वेळा लिहिल्या की झोप लागेना. मालन जगदीश धुरी, लालबाग. भिंतीवर. लोक कापडाजवळ येणार, वाकून वाचणार. कुणी केलंय, असं विचारायची पाळीच नाही.

प्रदर्शनाला अजून अवकाश होता आणि गावचं घर शाकारायला काकांबरोबर मालवणला जायचं होतं. काकूंनी कापड हलक्या हाताने धुतलं, इस्त्री केली, आणि इथे चूक केली. त्यांची आई खणाची घालायची तशी त्रिकोणी घडी घातली. खणाचं माप, खणाची घडी, हाताला लागलेली सवय. आणि ठेवलं कुठे? कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जिथे कुणाचा हात लागणार नाही असं त्यांना वाटलं. त्या गठ्ठ्याच्या अगदी वर.

गावाहून आल्या त्याच दिवशी मृणालिनीचा फोन. "परवा माणूस पाठवते हं कापडासाठी." काकूंनी कपाट उघडलं. वर पोपटी होतं.

"प्रिती, इथलं माझं कापड कुठे गं?"

प्रिती बँकेत आहे, हुशार आहे, सासूवर तिचा जीव आहे. ती हसतच आली. "कुठलं आई? अहो, तुम्ही नसताना हिराआत्या आल्या होत्या. म्हटलं, रिकाम्या ओटीने कसं पाठवायचं? सगळं व्यवस्थित केलं. नारळसुद्धा पाणी बघून..." आणि तिथे तिचा आवाज बसला, कारण काकू पलंगावर बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"ते? आई, ते होतं? फोटोतलं? घडी होती हो, मला वाटलं..." प्रिती रडायलाच लागली.

काकूंना राग आला होता. असा आला होता की घरातली सगळी ब्लाउजपिसं खिडकीतून खाली भिरकावून द्यावं. पण कुणावर काढणार? पोरीने सासूबाईंनी शिकवलं होतं तेच केलं होतं. "डोळे पूस," त्या म्हणाल्या. "रजा टाक उद्या. आपण जाऊन घेऊन येऊ."

जगदीशकाका कोपऱ्यातून म्हणाले, "मालन, ओटी कोण परत मागता काय?"

तीच तर खरी अडचण. दिलेली ओटी परत मागायची म्हणजे काय? दिलेला आशीर्वाद परत मागण्यातली गत. नणंद जन्मभर बोलून दाखवेल ते वेगळंच. तेव्हा दोघींनी ठरवलं, मागायचं नाही. नुसतं बघायला मागायचं. तसला रंग दुकानात शोधतोय म्हणायचं. एकदा का हातात आलं की पुढचं पुढे.

हिरावन्सं गिरगावात खोताच्या वाडीला लागून असलेल्या चाळीत राहतात. त्यांनी चहा केला, काकूंच्या गावच्या घराची कौलं, धोंडूभावोजींची म्हणजे वन्संच्या यजमानांची दाढदुखी, सगळं यथासांग झालं. मग काकूंनी विषय काढला.

"अगो तो? रेघारेघांचा? तो गेला की. आमच्या सुलभाताईंच्या ओटीत घातला. आमची लेक दिली ना त्यांच्यात, तिच्या सासूबाई. त्यांना असले फिके रंग आवडतात." वन्सं जवळ सरकल्या. "मालन, खरं सांगू? जरा मळकाच वाटला गो मला. कुठनं आणलेलास?"

काकूंनी चहाचा घोट गिळला. गरम होता. "असाच," त्या म्हणाल्या.

निघताना वन्संनी दोघींना बसवलं आणि ओट्या भरल्या. काकूंना राणी, प्रितीला तो बिननावाचा रंग. जिन्यात आल्यावर प्रितीने सासूकडे बघितलं आणि दोघींना हसू फुटलं. हसू कसलं, रडू यायच्या ऐवजी आलेलं ते.

दादरला सुलभाताईंचं घर म्हणजे टापटीप. कडक शाकाहारी माणसं, कांदासुद्धा चतुर्मासात दाराबाहेर. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "हो हो, ते विणलेलं! वेगळंच होतं काहीतरी, पानाफुलांचं. मालनताई, तुम्हाला म्हणून सांगते, ते मी शुक्रवारी देवीच्या ओटीत घातलं."

प्रितीला ठसका लागला. काकू खाली मान घालून बसल्या. देवीच्या ओटीत बोंबील! आपल्या गावाकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य चालतो, पण इथल्या देवीला कोण विचारणार? काकूंनी मनातल्या मनात गालात मारून घेतलं आणि देवीलाच म्हणाल्या, आई, सुकलेले होते गं, वास नव्हता.

"मग ते देवळातच?" प्रितीने कसंबसं विचारलं.

"नाही ना, गुरुजींनी प्रसाद म्हणून परत दिलं. म्हटलं, हे भलत्या हातात द्यायचं नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येत होती. अपेक्षा. वरळीची. अशी गोड मुलगी! तिचा शेवटचा दिवस होता, तिला दिलं नारळाबरोबर. चालायला लागले हो मी तिच्यामुळे." सुलभाताईंनी चालून दाखवलं. मग अपेक्षाचा पत्ता दिला. मग ओट्या भरल्या. दोन्ही पोपटी.

टॅक्सीत पिशवी काकूंच्या मांडीवर होती. चार नारळ, चार ओट्यांचे तांदूळ आणि हवी नसलेली चार कापडं. प्रिती म्हणाली, "आई, तिच्याकडे तरी असेल ना?"

"तिनेही कुणाच्या तरी पदरात घातलं असेल," काकू म्हणाल्या. आणि मग त्यांच्या तोंडून ते निघालंच. "प्रिती, कापड गेलं त्याचं नाही गं एवढं. इतक्या हातांतून गेलं, पण कुणी बघितलंसुद्धा नाही. एक म्हणते मळकं, एक म्हणते पानंफुलं. मग मी केलं कशाला एवढं?"

प्रितीने सासूचा हात धरला आणि वरळीपर्यंत सोडला नाही.

बीडीडी चाळीतली बरीच घरं नव्या टॉवरमध्ये गेली आहेत, पण अपेक्षाच्या घराचा नंबर अजून लागायचा होता. एकच खोली, पण लख्ख. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली अपेक्षाच्या पदवीचा फोटो, आणि खिडकीशी शिलाई मशीन. मशीनवर अपेक्षाची आजी, कमलाबाई. ऐंशीच्या पुढची बाई, पण पाठीचा कणा ताठ.

प्रितीने ठरलेलं सुरू केलं. "ते दुकान शोधतोय आम्ही, सुलभाताईंनी जे कापड..."

"ते होय?" अपेक्षा उठली आणि दोरीवरच्या हँगरला लावलेला ब्लाउज काढून काकूंच्या हातात दिला. "आज्जीने शिवला. उद्या माझं क्लिनिक उघडतंय ना, छोटंसंच आहे, त्यासाठी. पांढऱ्या साडीवर घालणार."

ब्लाउज. कापलेला, शिवलेला, हुक लावलेला.

भिंत गेली, पाटी गेली, नाव गेलं. हातातलं कापड ओळखीचं आणि तरी परकं. त्यांनी यंत्रासारखं ते उलटं केलं, बाहीची शिवण बघितली. आणि मग चष्मा सारखा करून पुन्हा बघितली.

शिवणीवर जबड्याला जबडा जुळला होता. पुढच्या तुकड्यातला बोंबील अर्धा, मागच्या तुकड्यातला अर्धा, आणि शिवणीवर दोघांनी एकमेकांना बरोबर धरलेलं. बाहीला तसंच. गळ्याशी गुलाबी रंग, खाली कमरेशी गवताळ, ओळ कुठे तुटली नव्हती. असं कापायचं म्हणजे आधी कापडापुढे बसून राहावं लागतं. किती वेळ, ते काकूंना बरोबर कळत होतं.

"बाही कमी पडली नाही?" त्यांनी विचारलं.

"पडत होती," कमलाबाई म्हणाल्या. "काखेत जोड दिलाय. शोधून दाखवा."

काकूंना सापडला नाही.

"काकू, तुम्ही ओळखलंत का काय आहे ते?" अपेक्षाने बोट ठेवलं. "सगळे मला पानं म्हणतात. बोंबील आहेत. वलांडीवरचे. कोळीवाड्यावरून रोज जाते मी. हे बघा, तोंडात तोंड. ज्याने विणलंय ना, तो उभा राहून बघत बसला असणार."

"बसली असणार," काकू म्हणाल्या. "मी विणलंय."

कमलाबाई मशीनवरून उठून काकूंच्या समोर येऊन बसल्या. "तुम्ही? हाताने? साच्यावर?"

"हातमागावर. वडील साच्यावर होते माझे, गिरणीत."

"माझे सासरे त्रासनला होते. सूत काढायच्या खात्यात." कमलाबाईंनी कापडावरून तळवा फिरवला. "साचाखात्यात आमच्या माणसांना जाऊ देत नव्हते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून काढायचे ना. आमचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना कसा चालणार? सूत आमच्या हातचं चालायचं. सासरे म्हणायचे, जन्मभर सूत काढलं, पण कापड होताना बघितलं नाही."

काकूंना वडील आठवले. धोटा ओठाला लावून सूत ओढतानाची त्यांची नक्कल, घरातल्या पोरांना हसवण्यासाठी केलेली. बाजूच्या खात्यातल्या माणसांना ते का करू देत नाहीत, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि काकूंनीही कधी विचारलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. त्यांनी कमलाबाईंच्या हातावर आपला हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"सुलभाताईंनी तुम्हाला सांगितलं नाही?" प्रितीने हळूच विचारलं. "ओटीतलं कापड पुढे द्यायचं असतं म्हणून?"

"आमच्यात ओटी-बिटी काही नाही, बाळा," कमलाबाई म्हणाल्या. "कुणी चांगलं कापड दिलं तर शिवायचं आणि घालायचं. दुसरं काय करतात कापडाचं?"

आणि तेव्हा प्रितीला राहवलं नाही. तिच्या मनावर सकाळपासून दगड होता. तिने सगळं सांगून टाकलं. चुकून भरलेली ओटी, प्रदर्शन, भिंत, नावाची पाटी, उद्या येणारा माणूस. काकू "प्रिती, गप," म्हणेपर्यंत सगळं बाहेर पडलं होतं.

कमलाबाईंनी ब्लाउज उचलला, मशीनच्या खणातून छोटी कात्री घेतली. "टाके लांब घातलेत. उसवते मी. कापड सरळ करून देते, जोड बाहेरून दिसणार नाही."

"आज्जी, काढ," अपेक्षाही म्हणाली. "काकू, तुमचं आहे ते. मी दुसरं घालेन उद्या."

कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली गेलं आणि काकूंनी कमलाबाईंचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही!"

एवढ्या मोठ्याने निघालं की त्या स्वतःच दचकल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मला पाहिजे होतं हो ते नाव. खोटं नाही बोलत. जन्मभर पाहिजे होतं. पण हे उसवून नको. ह्या शिवणीला तुम्ही जे केलंय ना, ते मी घातलेल्या धाग्याला धरून केलंय. ते मी कसं सोडवू? जा गं अपेक्षा, घालून ये. मला बघायचंय."

पडद्याआडून पोरगी ब्लाउज घालून, वर पांढरी साडी नुसती गुंडाळून आली. गोल फिरली, रुग्णाचा खांदा हलवून दाखवतात तसा स्वतःचा हात वर केला. हाताबरोबर बाहीवरची सगळी ओळ हलली. काकू बघत राहिल्या. कोळीण असती तर पुन्हा ओरडली असती.

मग त्यांनी फोन काढला. "मृणालिनी? मालन बोलतेय. उद्या माणूस पाठवू नकोस. कापड नाही मिळणार."

पलीकडून आवाज सगळ्यांना ऐकू आला. "का हो मालनताई? हरवलं?"

"हरवलं नाही. वापरात आहे."

"वापरात म्हणजे?"

"अंगावर आहे. पोरगी दवाखाना उघडतेय उद्या. तू ये बघायला."

मृणालिनी म्हणाली, "येते. पण ताई, तुमच्या नावाची पाटी छापून आलीय हो."

"राहू दे," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या 'राहू दे'पाशी त्यांचा आवाज जरा हलला. प्रितीने ऐकलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली.

कमलाबाईंनीही ऐकलं होतं. त्यांनी नातीला ब्लाउज काढून आणायला लावलं, तो उलटा केला आणि मागच्या गळ्याची आतली पट्टी मांडीवर पसरली, शिंपी आपलं लेबल लावतात ती जागा. शिंप्याचा खडू हातात घेतला.

"आख्खं नाव सांगा."

"कशाला?"

"सांगा हो."

"मालन," काकू म्हणाल्या. "मालन जगदीश धुरी."

कमलाबाईंनी खडूने सावकाश लिहिलं. एकेक अक्षर, वर रेघ. "प्रौढांच्या वर्गात शिकले मी. उशिरा आली अक्षरं, पण आली ती पक्की."

"आज्जी, आतून कोण वाचणार?" अपेक्षाने विचारलं.

"तू. रोज घालताना." त्यांनी सुई उजेडाकडे धरली, पहिल्या झटक्यात ओवली, आणि 'मा'च्या पहिल्या रेघेवर टाका घातला. मग मान वर न करता विचारलं, "तांबडा दोरा चालेल ना?"

मालनकाकू मान डोलावून टाका बघायला जवळ सरकल्या.